दहाच्या आत सोडायचं

मी, वाकड्या पायांसाठी बूट बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण, वय त्रेपन्न, चौथी पास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरला शंका फक्त हृदयाची. सोमवारी ऑपरेशन. मला कुणी भरीला घातलेलं नाही, घालूनही उपयोग नसतो.

१. वरच्या दोन खोल्या आणि खालचा कारखाना लेकीला.

२. शिलाई मशीन, चामडं कापायची रापी, टोचायच्या आऱ्या, बूट चढवायचे पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे कारागिराला. तीस वर्षं आमच्याकडे बुटांचे तळ चिकटवतोय.

३. बॅकअपचा डबा, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींची प्रत ठेवणारं यंत्र, लेकीला. चारशे बारा गिऱ्हाइकांच्या पायांची मापं आता फक्त यात आहेत, कारण कॉम्प्युटर गेल्या महिन्यात जळाला. निम्मी गिऱ्हाइकं पुन्हा माप द्यायला येण्यासारखी राहिलेली नाहीत. ॲडमिनचा पासवर्ड एकट्या माझ्या नवऱ्याला ठाऊक, आणि तो न सांगताच हे वारले. परवा दीर येऊन अंदाजाने पासवर्ड टाकत बसला. चार चुकले. मग म्हणे, "वहिनी, तुमचं नाव टाकून बघू?" तेही चुकलं आणि खातंच लॉक झालं. वर म्हणतो, "दादाने तुमचं नाव ठेवलंच नाही, त्याला मी काय करू?"

४. दिराला ह्यांची बंद पडलेली मोटारसायकल. किल्ली हरवली आहे. अंदाजाने लावत बसावं.

५. आज दुपारी घडलं ते. लेकीने कंपनीला फोन केला. डब्याच्या मागच्या भोकात टाचणी दाबायची, चार सेकंदांनी बीप झाला की सोडायचं, म्हणजे नवा पासवर्ड टाकता येतो. दहा सेकंद दाबलं तर डबा कोरा. लेकीच्या हातात फोन, मला वाकायची मनाई, म्हणून कारागीर बसला. बीप झाला. हा सोडेना. "पाच, सहा," पुटपुटत होता. बुटाच्या तळाला चिकटवायचं सोल्यूशन लावलं की दहा मोजेपर्यंत दाबून धरायचं, ही ह्यांचीच शिकवण. तो हात मधे सुटत नाही. लेक म्हणाली, "काका, तळ नाहीये तो, सोडा." सात. आठला मी त्याच्या मनगटावर फर्मा हाणला.

मग डब्याचा दिवा लाल. पाच मिनिटं लालच. कारागीर म्हणाला, "बाई, बुडवलं का मी?" मी म्हटलं, "पाणी पी."

दिवा हिरवा झाला. लेकीने नवा पासवर्ड टाकून मापं मोजली. चारशे बारा.

६. पासवर्ड लेकीकडे, आणि बंद पाकिटात कारागिराकडे. यापुढे या घरात कुणी एकट्याने पासवर्ड घेऊन मरू नये.

७. डब्यातलं पहिलं माप माझ्या डाव्या पायाचं निघालं. तीस वर्षांपूर्वी मी गिऱ्हाईक म्हणून आले, त्या दिवसाच्या कागदावरून ह्यांनी उतरवलेलं. मला कधी बोलले नाहीत. मी परत आले नाही तरी ते पुसू नये. जागा कमी पडली तर दिराचं पुसा, त्याचे पाय सरळ आहेत.

सही: मालकीण

बाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली. घाई करा, असं आम्हांला दोनदा सांगितलं.
साक्षीदार: १. शेजारचा औषधवाला २. समोरच्या शाळेतल्या बाई

स्थळ: कारखान्यातलं कापायचं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, संध्याकाळ