दोन सारख्या घरांची घरपट्टी

मी, द्वारकाबाई काकासाहेब पुंगळे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मौजे तळणवाडी, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचा दाब नसताना, माझ्या मागची व्यवस्था या कागदाने लावून देत आहे.

१. राजूर रस्त्यावरचं दगडी घर यजमानांच्या पश्चात माझ्या नावे आहे. रस्ता रुंद झाला, दुकानं आली, आणि घरपट्टी इतकी चढली की घर विकायची वेळ आली. तेव्हा ग्रामसभेत विषय निघाला, की वीस वर्षांपासून स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या घरपट्टीला मर्यादा घालावी.

शेजारचे देवानंद हिवाळे उठले. माझ्या घराएवढंच घर त्यांनी वर्षापूर्वीच घेतलेलं. म्हणाले, "मावशीचं अन् माझं घर बराबर सारखं. मंग मी जास्त का भरायचं?"

त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी खाली मान घातली.

मग तेच म्हणाले, "तरीबी मर्यादा ठेवा. या वयात मावशी कुठं जातील? पण ती त्यांच्यापुरती. वारसाला न्हाई." आणि पहिला हात त्यांनीच वर केला.

बांधाच्या वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. स्वतःच्या तोट्याला असा हात वर करणारा माणूस पाहिला नव्हता. एवढा मोठा माणूस माझ्या भिंतीपलीकडे राहतो, हे मला तोवर कळलं नव्हतं. अजूनही ते दारावरून गेले की मी उठून उभी राहते.

२. कपाशीचं शेत मुलगा हरिओम याला. पाटल्या मुलगी साधना हिला. शिलाई मशीन नणंदेला मुळीच देऊ नये. एकदा नेली ती मोडूनच परत आली.

३. हरिओम मला म्हणाला, "आई, तुझ्यामागं घर दुकानाला देऊ. नाव तुझंच राहू दे, पट्टी कमी लागंल."

मी म्हणाले, "मेल्यावर मी तिथं राहणार हाय का?"

तो हसला. मला हसू आलं नाही. म्हणून घर त्याची मुलगी आकांक्षा हिला देते. ती भोकरदनला नर्स आहे आणि इथंच राहणार आहे.

४. तेरावा झाला की घरावरचं माझं नाव उतरवून आकांक्षाचं चढवावं. तिला पूर्ण घरपट्टी लागेल. बँकेतली ठेव त्यासाठीच तिला देत आहे. पहिल्यांदा भरायला जाताना तिने देवानंदरावांना सोबत न्यावं आणि दोघांनी सारखीच पट्टी भरून यावं.

वाचून घेतलं, पटलं, म्हणून सही केली.

द्वारकाबाई काकासाहेब पुंगळे

आमच्यासमोर सही झाली:
१. तातेराव गाढे
२. शिवकन्या मुळक

ठिकाण: तळणवाडी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५