खडूच्या भिंती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंद्याने कुलूप-किल्लीवाला, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पाय थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नीने फक्त “अक्षर जरा बरं काढा” एवढे बजावले आहे.

१. राहते दुमजली घर कागदोपत्री माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते मी संपूर्ण मालकी हक्काने पत्नीला देतो. कारण लिहायची गरज नाही असे वकील म्हणाले, पण मला लिहायचे आहे.

बारीक कामाला माझी नजर पुरेना, दुकान बंद पडले आणि मी हातपाय गाळून बसलो. पत्नी शिवणकाम करायची. तिने कापड बेतायचा खडू घेतला आणि घरभर फरशीवर नव्या भिंती आखल्या. वरचा मजला भाड्याने, खाली आपण. एक वीट हलवण्याआधी आम्ही महिनाभर त्या रेघांत राहिलो. मी स्वयंपाकघरात सरळ घुसलो की ती म्हणायची, “अहो, भिंतीतून कुठे येताय? दारानं या.” मी निमूट मागे फिरायचो. त्या महिन्यात कळले की भाडेकरू रोज आमच्या ताटांशेजारून वर चढणार. मग तिने जिनाच घराबाहेर काढला. गवंडीमिस्त्री म्हणाला, “वहिनी, बांधायच्या आधी राहून बघितलेलं घर मी पहिल्यांदाच बघतोय.” त्याला काही फोडून पुन्हा बांधावे लागले नाही.

त्या भाड्यावर घर चालते, माझी औषधे येतात आणि कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तोंडावर कौतुक केले की ती उठून जाते, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. मला तिचा फार अभिमान आहे.

२. मुलगा गुणी आहे. पण “बाबांनंतर घर विकू, आई माझ्याकडे राहील” असे तो दोनदा बोलून गेला. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाळा, तुझ्याकडे ती पाहुणी असेल, इथे ती मालकीण आहे. मनात आले तर येईल, मन भरले की परत येईल. तुला इथे राहायचे असल्यास जिना बाहेरून आहे आणि भाडे एक तारखेला द्यायचे असते. माझ्या कानशी, पकडी आणि हातोड्या तुला.

३. “बायकोच्या नादानं घराची धर्मशाळा केलीस” असे चारचौघांत म्हणणाऱ्या धाकट्या भावाला माझ्याकडचे सर्वांत जुने कुलूप द्यावे. ते तोंडाला लावायचे आहे. किल्ली देऊ नये.

४. वरच्या भाडेकरू नर्सबाई साक्षीला आहेत, त्यामुळे त्यांना काही देणे बरे दिसत नाही. जिन्यावरच्या कुंड्यांबद्दलची माझी तक्रार तेवढी मागे घेतो.

५. पुढची खोली. ही पूर्वी माझे दुकान होती, आता इथे माझी खाट आहे. हिला रस्त्याकडे स्वतंत्र दार आहे, म्हणजे भाड्याला ही सगळ्यांत सोयीची. परवा दुपारी पत्नी खडू घेऊन आली आणि खाटेशेजारी वाकून रेघ ओढू लागली.

मी म्हटले, “अगं, मी अजून आहे.”

मान वर न करता ती म्हणाली, “म्हणून तर आत्ता आखतेय. नंतर माझ्याच्यानं आखवणार नाही. जरा तुमची ती काठी उचला, रेघेत येतेय.”

मी उचलली. खोली तिने आखली तशीच भाड्याने द्यावी, फार दिवस रिकामी ठेवू नये. दुकानातले शेवटचे चांगले कुलूप मी या दारासाठी राखून ठेवले आहे. दोन्ही किल्ल्या माझ्या उशीखाली आहेत.

हे सर्व मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले, त्यांच्यादेखत सही केली आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

सही: कुलूपवाला

साक्षीदार: १. नर्सबाई, वरचा मजला
२. गवंडीमिस्त्री

स्थळ: पुढची खोली, रेघेच्या आत
दिनांक: महिन्याची एक तारीख, भाडे आल्यावर