सोयरिकीआधीचा रिपोर्ट

सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२४

ती. कुंडलिकमामांस,
ऋतुराजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललो असतो, पण घरी आई असते आणि ट्रकमध्ये दुसरा ड्रायव्हर. मंगळवेढ्याची मुलगी पसंत पडली, पत्रिकाही जुळली. आता तिचे वडील म्हणतात, दोघांची एचआयव्हीची तपासणी करू, मुलगा ट्रकवर असतो. मला लई राग आला. मी काय तसला वाटलो का? तपासायचं तर मुलीला तपासा, असं सुनावून आलो. वाईट मानू नका, पण मामींमुळे तुमची मान खाली गेली, ते मी विसरलो नाही. नकार कळवू का?

माझ्यावर माया असू द्या.
तुमचा भाचा,
ऋतुराज

वळसंग, १० फेब्रुवारी

चि. ऋतुराज यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. नकार कळवू नकोस, तपासणी कर.

माझ्या वेळी ट्रक अड्ड्यावर एका संस्थेच्या बाई निरोध वाटायच्या. आम्ही ते घ्यायचो आणि दसऱ्याला फुगे करून गाडीला हारासोबत बांधायचो, त्या बाईंसमोरच. वापरणाऱ्याला बायल्या म्हणायचो. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या मामीला, बजाला, न्यूमोनिया झाला, तेव्हा दवाखान्यात तिला एचआयव्ही असल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या. मी त्यांच्याच अंगावर गेलो. पुढे गुपचूप तपासलं, गोळ्या सुरू केल्या. तोवर तुझी आई, भावकी, सगळे तिलाच नावं ठेवत होते आणि मी ठेवू दिली. दुखणं माझ्याकडून गेलं, बाळा. तिचा काही दोष नव्हता. लिहिताना लाज वाटते आहे.

मुलीचे वडील शहाणे आहेत, त्यांना दुखवू नकोस. मामावरचा जीव कमी करू नकोस.
कुंडलिक

वळसंग, २ मार्च

चि. ऋतुराज यास,
बजामामीचे आशीर्वाद.

तुझं माफीचं पत्र पोचलं. माझ्या नावानं पत्र आलंय म्हटल्यावर पोस्टमनला दोनदा विचारलं. दोघांचे रिपोर्ट चांगले आले, तू सासऱ्यांपुढे नमतं घेतलंस, बरं वाटलं. आता गाडीवर नीट राहा. कुणी निरोध दिला तर लाजून परत करू नकोस, आणि उद्या बायकोनं पुन्हा तपासायला सांगितलं तर तिच्यावर डाफरू नकोस. लग्नाला मला बोलावलंस, येईन.

मामांनी तुला जे लिहिलं, ते तुझ्या पत्रातून कळलं, पण ते मला नवीन नाही. त्यांच्या गोळ्यांची बाटली माझ्या बाटलीसारखीच आहे, ती मी आठ वर्षं बघते. जेवण झालं की ते कोठीत जाऊन गोळी घेतात. मी काही विचारत नाही. रोज वाटायचं, आज सांगतील. चारचौघांत नको, निदान मला एकटीला.

तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि रानात ज्वारी बघायला निघून गेले. संध्याकाळी परत आले, त्या गोष्टीला आज चार दिवस झाले. तुला सांगितलं त्यांनी, मला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
मामी