भावोजींचं नाक आणि तिखट सॅलड

४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हॉटेलात सॅलडचं टेबल आता तुझ्या एकट्याच्या ताब्यात दिलं, हे वाचून ऊर भरून आला. लहानपणी काकडी बघितली की पळणारा पोरगा तू!

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर बोलले की पडद्यापलीकडे ह्यांना सगळं ऐकू जातं, आणि विषय ह्यांचाच आहे.

तापात ह्यांचं नाक गेलं ते तुला ठाऊक आहे. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. वास नाही म्हणजे चवही नाही. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं लागतं म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. आमच्या घरात स्वयंपाक ह्यांचा. मी पुढच्या खोलीत कपडे शिवणार, हे मागे लोकांची शिलाईमशिनं दुरुस्त करता करता भाजी फोडणीला टाकणार, असा संसार झाला. ताईला चहाशिवाय काही येत नाही, हे माझ्या लग्नात तूच सगळ्यांना ओरडून सांगितलं होतंस, ते खोटं नव्हतं.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस चालूच राहिला. हे शेजारीच बसून मशिनचा पट्टा बदलत होते, ह्यांना पत्ताच नाही. मी कात्री घ्यायला आत आले आणि नाकाला तो भपकारा बसला. खिडक्या उघडल्या, काही झालं नाही. पण त्या दिवसापासून हे स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. शेजारणीकडून डबा येतो, त्यातले दोन घास चिवडतात आणि छान आहे म्हणतात. ढब्बू, ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाच्या हातचं नाव न ठेवता खाल्लं नाही, तो छान म्हणतोय! ह्यांच्या पँटींची कंबर मी दोनदा आत घेतली आहे.

आता मुद्द्याचं. परवा माझ्या एका गिऱ्हाईकबाईंनी आम्हा दोघांना हॉटेलात नेलं. हे भिडेखातर आले. टेबलावर एक तिखट सॅलड आलं: कोबी, काकडी, गाजर, वर शेंगदाणे. ह्यांनी मन राखायला एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. मी पाणी पुढे केलं तर हात बाजूला सारला आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. बशी पुसून ठेवली! वाटेत म्हणाले, काहीतरी लागलं खरं.

मी दुसऱ्याच दिवशी ते घरी करायला गेले. बशीत तळं झालं आणि वर कोबी तरंगत होता. हे म्हणाले, छान आहे. तेव्हा ते हॉटेलातल्यासारखं कसं करायचं ते मला लिही. मला काही येत नाही असं समजून लिही. पण जमेल का, असं मात्र विचारू नकोस. जमणार आहे.

माया आहेच, पत्राला उशीर लावून ती ताणू नकोस.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गॅसचं वाचलं. तू हे मनात ठेवून बसलीस, त्याचा राग भेटल्यावर काढीन.

भावोजींना काय लागलं ते मला वाटतं कळलं. मिरचीचा तिखटपणा ही काही चव नव्हे, तो चटका आहे. त्याला नाक लागत नाही. आंबट, खारट, गोड जिभेवर शाबूत आहे. आणि कुरकुर तर कानाला कळते. म्हणजे ह्या एका पदार्थात त्यांच्याजवळ जे उरलंय ते सगळं कामाला लागतं. तू नेमकं हेच हेरलंस. कपडा बघून माप सांगणारी बाई तू, चुकशील कशी!

आता नीट वाच. तुझं तळं झालं कारण पाणी. सॅलडचा शत्रू पाणी आणि सॅलडचा जीवही पाणीच. कोबी आणि गाजर केसासारखं बारीक चीर आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेव. ते ताठ होतील. काकडीच्या बिया चमच्यानं खरवडून टाक, फोडींना मीठ चोळ आणि चाळणीत निथळत ठेव. मग सगळं कोरड्या फडक्यात गुंडाळून पूस. पुसलंय असं वाटलं की पुन्हा पूस. आमच्याकडे नवा माणूस आला की पहिले काही दिवस तो फक्त पुसतो.

मसाल्यासाठी हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि थोडी साखर खलबत्त्यात ठेच. मिक्सर नको, त्यात लगदा होतो. मिरचीचे तुकडे दाताखाली आले पाहिजेत. त्यात लिंबू पीळ, चमचाभर तेल घाल. कालवायचं भांडं आधी फ्रीजमध्ये गार कर. आणि मुख्य म्हणजे खाणारा खुर्चीत बसल्याशिवाय कालवायचं नाही. सॅलडनं माणसाची वाट बघायची नसते, माणसानं सॅलडची बघायची. शेंगदाणे घरी भाज, मंद आचेवर, आणि भरडच ठेव.

मिरची चिरल्यावर डोळ्याला हात लावू नकोस. हे मी लिहिलंय याची नोंद असू दे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे, कान मात्र सोड.
तुझा ढब्बू


२० फेब्रुवारी

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद.

डोळ्याला हात लावला. एका डोळ्यानं कोटाची काजं केली, गिऱ्हाईक समोर बसून माझ्या दुःखात सहभागी होत होतं. बिचाऱ्याला वाटलं घरात काही वाईट घडलंय. पाण्याचा ग्लास स्वतः उठून आणून दिला त्यानं.

पण चिरणं मात्र जमलं. कापड तिरकं कापायची सवय कोबीला लागू पडली. तुझं फडक्याचं सगळं पाळलं. पहिल्या दिवशी मिरची एवढी झाली की ह्यांना उचकी लागली, तरी अर्धी बशी संपली. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून आधीच कालवून ठेवलं आणि मशिनवर एक शिवण मारून आले. ह्यांनी एक घास तोंडात घालून चावला, थांबले, पुन्हा चावला. मग म्हणाले, ओलं वाजतंय. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणतात, मशिनच्या दात्यांत कापड अडकलं की जसा दबका आवाज येतो तसा येतोय. काल कोरडा येत होता.

ढब्बू, मला एवढा आनंद झाला की मी भांडलेच. म्हटलं, आयतं खाताय वर खोड काढताय. हे म्हणाले, खोड आहे ती आहे. किती महिन्यांनी घरात नाव ठेवणं ऐकलं!

आता रोज मी चिरते आणि हे उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसतात. तिथूनच सांगतात, सुरी घासते आहे, धार लाव. आत पाऊल टाकत नाहीत. काल मी मुद्दाम म्हटलं, शेंगदाणे तेवढे भाजून द्या. तसे उठून गेले. जेवायलाही आले नाहीत. मी घाई केली का? तू सांग. सॅलडला आच लागत नाही म्हणून ते जवळ आले, आणि मी नेमका विस्तवच पुढे केला.

तुझ्या पत्राची वाट बघणं हा आता माझा जोडधंदा झालाय.
तुझी ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

घाई केलीस, पण बिघडलं काही नाही. मला भावोजी पहिल्यापासून ठाऊक आहेत. त्यांना कर म्हटलं की ते करत नाहीत, आणि समोर कुणी चुकीचं करताना दिसलं की त्यांना राहवत नाही. म्हणून पुन्हा विचारू नकोस. मनधरणी नको, सहानुभूती तर मुळीच नको. तू आपली शेगडी पेटव आणि तुझ्या पद्धतीनं शेंगदाणे भाज. तुझी पद्धत काय असेल त्याची कल्पना मला आहे. देव तुझं भलं करो आणि कढईचंही.

गॅसची भीती मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. गॅस गळला की मोठ्यानं वाजणारी डबी मिळते, भिंतीला लावायची. मी पाठवतोय. ती त्यांच्या हातात दे आणि बसवायची कुठे ते त्यांना ठरवू दे. तू एक शब्द बोलू नकोस. अवघड आहे, पण प्रयत्न कर.

रागावलीस तरी विसरू नकोस.
तुझा ढब्बू


९ मार्च

चि. ढब्बूस अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक टपली.

डबी आली. ह्यांनी उघडली, मागची झाकणी काढून आत काय आहे ते बघितलं (बघणारच!) आणि टेबलावर ठेवून दिली. बरेच दिवस ती तिथेच होती. मी एक शब्द बोलले नाही. जीभ चावून चावून दुखायला लागली.

काल शेंगदाणे मंद आचेवर ठेवले आणि तेवढ्यात पडद्यांच्या मोठ्या ऑर्डरचं माप द्यायला माणसं आली. तुझी शपथ, मुद्दाम नाही केलं, खरंच विसरले. मापं घेता घेता आतून ह्यांची हाक आली की दाणे तडतडताहेत. आले आले म्हणत मी टेप गुंडाळत राहिले. पुन्हा हाक आली की आता फुटताहेत. आणि मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

मी धावत गेले तर हे शेगडीपुढे उभे. गॅस बंद केलेला, कढई उतरवलेली, दाणे ताटात पसरून फुंकर मारून सालं उडवत होते. माझ्याकडे न बघता जे सुरू झाले! म्हणे, घर जाळायचं आहे का. म्हणे, कढई ही इस्त्री नव्हे, ठेवून विसरायला. म्हणे, एवढं साधं येत नाही, मग इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन शिकलीस काय. पडद्यावाली माणसं दारातून ऐकत होती. मी पदर तोंडाला लावून रडत होते, आणि त्यांना वाटलं नवरा फार तापट आहे.

रागाच्या भरात आपण कुठे उभे आहोत हे ह्यांच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा दोन्ही हात ओट्यावर टेकले. मग म्हणाले, ती डबी आण आणि स्क्रूड्रायव्हर आण. मी दोन्ही आणलं. आणि सुरी दे, म्हणाले.

आज एवढंच. पुढचं स्वतः लिहिणार आहेत म्हणे.
तुझी ताई


१७ मार्च

मेव्हणे ढब्बूराव यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू आणि तुझी बहीण मिळून माझ्या पाठीमागे टपालखातं चालवत होता, हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. बायको कधी नव्हे ती कोबी पुसायला लागली, म्हणजे कुणाची शिकवण हे कळायला नाक लागत नाही.

डबी शेगडीच्या वर बसवली आहे. गॅस मुद्दाम जरा सोडून बघितलं. अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे वर आले. तिला आम्ही सासूबाई म्हणतो. तुझ्या आईची क्षमा मागून लिहितो, पण नाक तसंच तिखट आणि आवाज तर त्याहून.

वास आलेला नाही. परवा डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारलं. त्याही स्पष्ट म्हणाल्या, आता आशा थोडी. घरी येऊन तुझ्या बहिणीला सांगितलं तेव्हा तिनं लिंबू पुढे केलं. मी चिरलं. वाईट वाटायचं ते वाटतं, रोज सकाळी वाटतं, पण भूक लागते आहे आणि हात रिकामे नाहीत. रविवारी पडद्यावाल्यांना जेवायला बोलावलं होतं, मी तापट नाही हे दाखवायला. सॅलड केलं, शिवाय दोन भाज्या. सगळं संपलं.

आता आमची रीत अशी: चिरणं, भाजणं, ठेचणं माझ्याकडे, चाखणं तिच्याकडे. रविवारी तिनं मीठ पुरे म्हटलं आणि लिंबू कमी. मी म्हटलं लिंबू बरोबर आहे. मला काय कळणार, पण सवय जात नाही. वाद घातला, शेवटी पिळलं. पाहुण्यांनी नेमकं आंबटपणाचंच कौतुक केलं आणि ती विजयी चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा ढब्बूराव, परिस्थिती अशी आहे की माझी जीभ आता तुझ्या बहिणीच्या तोंडात आहे, आणि ती जीभ किती चालते हे तुला मी सांगायला नको.

सुट्टी मिळाली की ये. काकडी पुसायला माणूस हवा आहे.
तुझे भावोजी