कुलूपवाल्याला निरोप

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला फोन पोचला. छान आहे, पण भारी चौकस आहे. सुरू केल्या केल्या विचारायला लागला, तुमचे फोटो काढू का, बोलणं ऐकू का, तुम्ही कुठे आहात ते सांगू का. मी सगळ्याला ठाम नाही म्हटलं. लोकांची कुलपं उघडण्यात जन्म गेला, पण कोणाच्या घरात काय आहे ते शेजाऱ्याला कळू दिलं नाही. मग या उपटसुंभाला माझ्या घरात का घेऊ?

आई माणसं विसरायला लागली असं तू लिहिलंस, तेव्हापासून किल्ल्या घासायची कानस हातात धरवत नाही. गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून तर हे लचांड पत्करलं. रविवारी लावतो. आईने मला एकदा बघावं आणि ओळखावं, बाकी काही नको.

तिच्या पायांवर डोकं. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही दोघी दिसलात. आई किती वाळली आहे गं! मी हाका मारून घसा कोरडा केला, ती नुसती बघत राहिली. तू हॅलो हॅलो केलंस आणि बंदच करून टाकलंस. आईचं मी समजू शकतो, पण तूही तोडावंस याचं वाईट वाटलं. फोन कपाटात ठेवला आहे.

राग आहे, तरी लोभही आहे.

भाऊ

ता. १९ मार्च

चि. भाऊस,
अ. आ.

अरे शहाण्या, आम्हाला तू दिसलाच नाहीस. काळा पडदा, आवाजही नाही. बिघडला समजून मी बंद केला. कॅमेऱ्याला नाही, माइकलाही नाही म्हणून बसलास, मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. बाकीच्या सगळ्याला खुशाल नाही म्हण. पण या दोघांना फक्त वापरापुरती परवानगी देता येते, तेवढी दे. आई त्या दिवशी सकाळपासून तुझं नाव घेत होती. हल्ली रोज घेतेच असं नाही, म्हणून घाई कर.

रुसवा सोड, माया राहू दे.

ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा दुकानातूनच फोन लावला, या वेळी दोन्ही चालू ठेवून. तू आईच्या हातात फोन देऊन आत गेलीस, म्हणून तुला कळलं नसेल. माझ्यामागच्या भिंतीवरच्या किल्ल्या बघून आई मला अहोजाहो करायला लागली. म्हणाली, माझा मुलगाही कुलपांचंच काम करतो, गुणी आहे, पण फार दिवसांत आला नाही. तुमच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखत असतील, कुठे भेटला तर सांगा, आई रागावलेली नाही, एकदा येऊन जा म्हणावं. मी सांगतो म्हटलं. तो मीच, हे सांगायला जीभ रेटली नाही. फोन ठेवला आणि दुकानात बसून रडलो.

गुरुवारी निघतो आहे. गुडघ्यांना काय कुरकुर करायची ती वाटेत करू देत. दारात तिने ओळखलं नाही तर तू काही समजावत बसू नकोस. तुमचा निरोप तुमच्या मुलाला पोचला, एवढं मीच तिला सांगेन.

भेटीअंती लोभ वाढावा.

तुझा भाऊ