जर्मन बाई, संकासूर आणि पिवळा जनरेटर

पेडणे, सोमवार

ती. श्रीनाथ भावोजींच्या चरणी धाकटा मेव्हणा गोकुळदास याचा नमस्कार.

देवाच्या दयेने इकडे सगळं ठीक आहे, चंद्रावतीआतेची साखर सोडून. जानकीताईची कंबर कशी आहे? गौरवीच्या लग्नातली रोषणाई अजून गाजते आहे. डिचोलीत वीज गेली तरी हल्ली तुमच्या घरी उजेड असतो, हे ऐकूनही आनंद झाला.

आता आमचं ऐका. मंडळाच्या दवाखान्याला जर्मनीच्या संस्थेने पिवळा जनरेटर दिला, हे आपण जाणताच. अशी मदत वाटेत दहशतवाद्यांच्या हाती तर जात नाही ना, हे बघत त्या संस्थेची एक बाई जगभर फिरते. (पेडण्यात दहशत एकट्या आतेची, पण ते जर्मनीत कसं कळावं?) शनिवारी ती न सांगता दवाखान्यात उतरली. जनरेटर जागेवर नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, की देवळात दशावतारी नाटकाचा कालो आहे, तिथे नेलाय. देवळात जनरेटर खरंच होता, पण म्हापशाहून भाड्याने आणलेला, निळा. बाई तडक माझ्या स्कूटरवर बसली. देवळामागे पाहते तर जनरेटरला टेकून आपला विठू उभा, संकासुराच्या सोंगात. अंगभर काळं, तोंडावर काळा मुखवटा, हातात काठी. बाई पांढरी पडली (होती त्याहून). हा कोण, असं तिने विचारलं. घाबरून मी खरं तेच सांगितलं, की हा राक्षस, वेद चोरून समुद्रात लपला होता. चोरीचा माल परत मिळाला का, म्हणत तिने फोन बाहेर काढला. मिळाला, विष्णूने याला ठार मारलं, असं मी म्हणालो. तेवढ्यात विठूने मुखवटा वर केला आणि अगदी मायेने म्हणाला, "भियेव नाका, बाय! हांव दर वर्सा मरतां."

बाई हसली, पण निळ्या-पिवळ्यातला फरक काही विसरली नाही. शुक्रवारी ती परत येणार. दवाखान्यात पिवळा जनरेटर चालताना दिसला नाही, तर मदत कायमची बंद. भावोजी, मला खरोखर भीती वाटते. वीज गेली की दवाखान्याच्या फ्रिजातलं आतेचं इन्सुलिन वाचवायला मी मासळीबाजारात बर्फासाठी धावतो. इंजेक्शनाला बांगड्याचा वास येतो म्हणून आते मला शिव्या घालते, आणि मग रडते. शिव्यांची सवय आहे, रडणं बघवत नाही.

जानकीताईस नमस्कार. गौरवी माहेरी आली असल्यास तिला आशीर्वाद.

आपला
गोकुळदास

ता. क. : लग्नापुरता म्हणून नेलेला पिवळा जनरेटर गुरुवारच्या टेंपोत घालावा. बाई ज्या टोळीला जगभर शोधते आहे, तिचं नाव मी अजून फोडलेलं नाही.

आणखी एक ता. क. : टेंपो न आल्यास शुक्रवारी बाईंना घेऊन मीच डिचोलीला येईन. विठूही येतो म्हणतो, सोंगासकट.