मधली मोकळी जागा

नागपूर,
बुधवार, १४ मे २००३

आदरणीय बाबा,
सप्रेम जय भीम.

संघदीप काल संध्याकाळी सुखरूप पोचला. खांद्यावर पोतं, पोटाशी जवसाच्या चटणीचा डबा, असा माझा भाऊ होस्टेलच्या दारात उभा. वॉचमनने विचारलं, पोत्यात काय आहे? तर हा शांतपणे म्हणतो, "गोटे." मग पोतं उघडून दाखवणं आलंच. चटणी खोलीतल्या मुलींनी जेवतानाच निम्मी संपवली.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतं लावतो म्हणता? अल्काआत्याला सांगा, परवा बुद्धपौर्णिमेला मला येता येणार नाही. शनिवारी तोंडी परीक्षा आहे. माझ्या वाटची खीर संघदीपला द्या, म्हणजे पोतं वाहून आणल्याचा त्याचा राग जाईल.

आता पोत्याबद्दल. दिवाळीत नाल्याकाठी मी तुम्हाला गारगोटीचं नखाएवढं पातं दाखवलं होतं आणि माझा प्रबंध अशा पात्यांवरच आहे म्हणाले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "येवढ्यासाठी तू कायले उनात फिरतेस? मी येचून देतो ना." मला वाटलं, थट्टा करताय. काल पाहते तर एकेक पातं राखेने घासून लख्ख केलेलं. लाल एका फडक्यात, पांढरी दुसऱ्यात, अगदी बारीक तिसऱ्यात. धानाचं बियाणं निवडावं तसं तुटकंफुटकं सगळं काढून टाकलेलं. आज आमच्या पुरातत्त्व विभागातल्या सरांना दाखवलं. त्यांनी एकेक फडकं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "वडिलांचा फार जीव आहे तुझ्यावर." मी हो म्हटलं.

इथे ऊन मी म्हणतंय. खोलीतला कूलर वारा कमी आणि आवाज जास्त देतो. मेसची भाजी कशाची आहे हे रोज पैज लावून ओळखावं लागतं. बघा, मी पुन्हा पोत्यापासून लांब पळाले.

फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन चंद्रशेखरच्या दुकानात, आणि तिथे अर्धं गाव कान देऊन बसलेलं असतं. चार लोकांत तुमच्या मेहनतीला उणं बोलायला माझी जीभ रेटली नसती. संघदीप म्हणतो, येत्या रविवारी तुम्ही बकारामकाकांना आणि आणखी चौघांना घेऊन पलीकडचा काठही वेचणार आहात. "पान्याच्या आधी सप्पा साफ करून टाकतो," म्हणालात म्हणे. पोस्टाने हे पत्र तोवर पोचायचं नाही, म्हणून तो उद्या सकाळी देवरीच्या गाडीने निघेल तेव्हा त्याच्याच हाती देते आहे.

बाबा, पलीकडचा काठ वेचू नका. एकही गोटा उचलू नका.

सरळच लिहिते, कारण आडून लिहिलं तर पोरगी संकोच करते म्हणाल आणि दोन पोती पाठवाल. पोत्यातल्या पात्यांवर मला काहीच लिहिता येणार नाही. कोणतं कुठे पडलं होतं, कशाशेजारी पडलं होतं, ते आता कळायला मार्ग नाही. हजारो वर्षांपूर्वी, धान पेरणं कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हा, त्या काठावर बसून माणसं ही पाती काढायची. गारगोटीवर ठोका मारला की छिलके उडतात आणि बसल्या माणसाभोवती पडतात. ते जिथल्या तिथे राहिले, तर तो कुठे बसला होता, कुठे तोंड करून, शेजारी कोणी होतं का, हे सांगता येतं. छिलक्यांच्या मधे जी मोकळी जागा दिसते, तिथे तो माणूस असतो. तुम्ही फेकलेलं तुटकंफुटकं, तेच मला हवं होतं.

पलीकडचा काठ आहे तसा राहिला तर पुढच्या आठवड्यात सर स्वतः बघायला येतील आणि माझा प्रबंध तरेल. तोही गेला तर नवा विषय, आणि वर्ष वाया.

तुम्हाला हे कसं सांगू म्हणून दुपारी रडू आलं. राग नव्हता, खरंच नव्हता. मग आई आठवली.

दारापुढच्या सपरीत मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळायला बसायची. तेंदूच्या पानांची कातरण तिच्या भोवती पडायची आणि ती उठली की मधे तिच्या बैठकीएवढी स्वच्छ जागा उरायची. ती गेली त्या दिवशी, माणसं येतील म्हणून अल्काआत्याने झाडू घेतला, तो तुम्ही तिच्या हातून काढून घेतलात. म्हणालात, "झाडू नको वो अल्का. तठी थे बसली होती." वाऱ्याने कातरण उडून जाईपर्यंत तुम्ही तिथे कोणाला पाय ठेवू दिला नाहीत. मी आठवीत होते. हा विषय मी नागपुरात येऊन शिकले असं सगळ्यांना सांगते, पण ते पूर्ण खरं नाही.

रविवारी नाल्यावर जा मात्र. बकारामकाकांना घेऊन अलीकडच्या काठावर सावलीत बसा आणि पलीकडे गुरं, पोरं कोणाला जाऊ देऊ नका. तुमच्यासारखी राखण दुसऱ्या कोणाला जमायची नाही.

पोतं मी परत पाठवत नाही. फडकी तुम्ही बांधली होती तशीच पुन्हा बांधून खाटेखाली ठेवली आहेत. त्यांना कोणी हात लावलेला मला चालणार नाही.

तुमची,
सपरीतल्या त्या जागेला अजून वळसा घालून जाणारी
रश्मी